मनगटावरचं घंटाघर

लखनौमध्ये एक घड्याळ १९८४ साली बंद पडलं आणि पुन्हा चालू झालं ते २०११ मध्ये. मध्ये सत्तावीस वर्षं! तेवढ्या काळात पहिलीतली पोरं शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, त्यांची स्वतःची पोरं पहिलीत गेली. घड्याळाचे काटे मात्र जिथल्या तिथे.

हे घड्याळ आहे हुसैनाबादच्या घंटाघरावर. बडा इमामबाडा पाहून रूमी दरवाज्याच्या कमानीखालून पुढे गेलं, की लाल विटांचा एक उंच, सडपातळ मनोरा दिसायला लागतो. उंची सुमारे ६७ मीटर, म्हणजे २२० फूट. १८८१ मध्ये काम सुरू झालं, १८८७ मध्ये संपलं. आराखडा रिचर्ड रॉस्केल बेन यांचा, घड्याळ लंडनच्या जे. डब्ल्यू. बेन्सन यांच्या कारखान्यातलं आणि खर्च त्या काळचे सुमारे पावणेदोन लाख रुपये. तबकडीचा आकार बारा पाकळ्यांच्या फुलासारखा आहे. एकेका तासाला एकेक पाकळी!

लखनौकर सांगतात, हा भारतातला सर्वांत उंच घड्याळ-मनोरा. यावर मुंबईची पोरं लगेच हात वर करणार, हे मला ठाऊक आहे. ‘आमचा राजाबाई टॉवर २८० फूट आहे!’ बरोबर. पण राजाबाई टॉवर उभा आहे विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीवर, आणि हुसैनाबादचा मनोरा एकटाच, फक्त घड्याळासाठी उभा आहे. म्हणून दोघांनाही आपापल्या परीने ‘सर्वांत उंच’ म्हणता येतं. या भांडणात आपण पडायला नको, कारण आपल्याला बघायचंय ते त्या मनोऱ्याच्या पोटात. तिथे जी युक्ती आहे तीच, अगदी तीच, तुमच्या आजोबांच्या मनगटावरच्या चावीच्या घड्याळातही आहे.

काय आहे तिथे? आधी हवी ताकद. घंटाघरात जड वजनं दोरावर टांगलेली असतात. ती वर ओढून ठेवायची, मग ती आपल्या भाराने हळूहळू खाली येत राहतात आणि चाकं फिरवतात. चाकांना दाते. मोठं चाक छोट्याला फिरवतं, छोटं त्याहून छोट्याला, आणि त्यातूनच मिनिटकाटा तासाला एक फेरी आणि तासकाटा बारा तासांत एक फेरी मारतो.

पण थांबा. वजन मोकळं सोडलं तर काय होईल? सगळी चाकं गरगर फिरतील आणि बारा तास अर्ध्या मिनिटात संपतील. म्हणून एका चाकाच्या दात्यांत एक अडसर अडकवलेला असतो. तो क्षणभर उचलला जातो, एक दाता निसटतो, आणि अडसर पुढच्या दात्यावर येऊन आपटतो. टक्! तुम्ही घड्याळाची टिकटिक म्हणता ना, ती या आपटण्याचीच. घड्याळ चालताना नव्हे, दर वेळी अडवलं जाताना आवाज करतं.

आणि हा अडसर कधी उचलायचा हे ठरवतो लंबक. हुसैनाबादचा लंबक सुमारे १४ फूट लांब आहे. एवढा कशाला? एक दोरी घ्या, टोकाला एखादी जड किल्ली किंवा छोटं कुलूप बांधा. दोरी पाव मीटर ठेवलीत तर कुलूप जाऊन परत यायला एक सेकंद घेतं. आता दोन सेकंद हवे असतील तर दोरी दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. एक मीटर. लंबक जाऊन परत यायला चार सेकंद लागायचे असतील तर पुन्हा चौपट: चार मीटर, म्हणजे तेरा फुटांच्या वर. मनोऱ्यांवरच्या मोठ्या घड्याळांचे लंबक एवढे लांब असतात ते यामुळेच. ते नुसत्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दोन सेकंद लावतात. करून बघा, पण कुलूप आईच्या काचेच्या भांड्यांपासून लांब ठेवा.

आता लखनौचा उन्हाळा आठवा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जानेवारीच्या रात्री दहाच्याही खाली जातो. धातू तापला की लांबतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. समजा, चार मीटरची दांडी साध्या पोलादाची आहे आणि तापमान ३० अंशांनी वाढलं. दांडी लांबेल साधारण दीड मिलिमीटर. एवढंसं! पण लंबक लांबला की सावकाश हलतो, आणि तेवढ्या दीड मिलिमीटरपायी घड्याळ दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे पडतं. महिन्याला साडेसात मिनिटं. घड्याळं बनवणाऱ्यांनी यावर तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले. कुणी लाकडाची दांडी वापरली, कुणी दोन धातू असे जोडले की एक खाली वाढला तर दुसरा वर वाढावा. शेवटी चार्ल्स एदुआर ग्योम या स्विस शास्त्रज्ञाने लोखंड आणि निकेलचा असा मिश्रधातू शोधला, जो तापला तरी जवळपास लांबतच नाही. या कामाबद्दल १९२० साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचे वडील घड्याळजी होते.

मग हे सगळं मनगटावर कसं आलं? वजन तर बांधता येणार नाही. त्याच्या जागी आली पातळ पट्टीची गुंडाळलेली कमान. तुम्ही चावी देता तेव्हा ती आवळली जाते आणि मग दिवसभर सैल होत चाकं फिरवते. ऑटोमॅटिक घड्याळात एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरते. तबल्याचा रियाज करणाऱ्याचं घड्याळ छान भरलेलं राहणार, दिवसभर लोळणाऱ्याचं बंद पडणार.

लंबकाचं काय? हलत्या हातावर लंबक कसा चालेल? यावर १६७५ साली क्रिस्तियान हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने तोडगा काढला. एक छोटं गोल चाक घ्यायचं आणि त्याला केसाहून बारीक कमान जोडायची. चाक एकीकडे फिरलं की कमान त्याला परत ओढते, पार पलीकडे गेलं की पुन्हा ओढते. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. या चाकाला म्हणतात बॅलन्स व्हील. मनगट कसंही वळवा, त्याचं हलणं चालूच.

आजोबांचं जुनं एचएमटी मिळालं तर कानाला लावा. ते तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच, मिनिटाला ३००. लखनौच्या कैसरबागेत आपल्या विष्णु नारायण भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, मूळ संगीत महाविद्यालय १९२६ चं. तिथल्या कुठल्याही तबलजीला विचारा, मिनिटाला ३०० मात्रा म्हणजे पक्की द्रुत लय. आणि हे छोटं चाक ती लय चोवीस तास धरून ठेवतं. दिवसाला ४ लाख ३२ हजार ठोके!

एवढं घासून चाकांचे आस झिजत कसे नाहीत? त्यासाठी तबकडीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा: १७ ज्वेल्स. म्हणजे सतरा माणकं! उगाच डोळे मोठे करू नका. ही माणकं कारखान्यात बनवलेली असतात, फार स्वस्त असतात, आणि दागिन्यात घालण्याजोगी तर मुळीच नसतात. माणिक कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल आहे, त्यामुळे त्याला भोक पाडून त्यात पोलादी आस बसवला की वर्षानुवर्षं झीज होत नाही. एवढंच त्याचं काम.

एचएमटीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला या सरकारी कंपनीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. नंतर १९८० च्या दशकात एक कारखाना नैनीतालजवळ राणीबागलाही निघाला. तेव्हा तो भाग उत्तर प्रदेशातच होता. जनता, पायलट, सोना, कांचन अशी घड्याळांची नावं. दहावी पास झाल्याचं बक्षीस असो की लग्नातली जावयाची भेट, घड्याळ म्हणजे एचएमटी. २०१६ मध्ये हा कारभार बंद झाला, तरी घड्याळं अजून चालू आहेत.

आता सगळा खेळ उलटा करणारी गोष्ट. १८८० साली, म्हणजे हुसैनाबादच्या मनोऱ्याचं काम सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, पॅरिसमध्ये झॅक आणि पिएर क्यूरी या दोन भावांना दिसलं की क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा स्फटिक दाबला की त्यात वीज निर्माण होते. (पिएर तेव्हा २१ वर्षांचा होता. मेरी क्यूरींशी त्याचं लग्न व्हायला अजून पंधरा वर्षं होती.) याच्या उलटही घडतं. स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो, आणि ही थरथर विलक्षण नियमित असते. तुमच्या सेलच्या घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढ्या डबीत असाच एक स्फटिक बसवलेला आहे. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो.

हा असला विचित्र आकडा का? कागद घ्या आणि हा आकडा निम्मा करत जा. १६,३८४. ८,१९२. ४,०९६. पंधरा वेळा निम्मं केलंत की उत्तर येईल बरोबर १. घड्याळातली चिप हेच करते. निम्मे, निम्मे, निम्मे करत शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो, आणि सेकंदकाटा एक घर पुढे उडी मारतो. शिवाय माणसाच्या कानाला साधारण २०,००० च्या वरची कंपनं ऐकू येत नाहीत, म्हणून स्फटिक मनगटावर दिवसभर गात असला तरी आपल्याला पत्ता नसतो.

स्फटिकावर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सेइको कंपनीने १९६९ च्या नाताळात विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, तेव्हा तेवढ्यात छोटी मोटार यायची! आज तसंच यंत्र असलेलं घड्याळ लखनौच्या अमीनाबादमध्ये किंवा तुमच्या गावच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होतं. उलट उत्तम प्रतीचं, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलेलं स्वित्झर्लंडचं चावीचं घड्याळ रोज ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे चाललं तरी ते पास समजतात. रोज! म्हणजे तुमचं प्लास्टिकचं घड्याळ लाखो रुपयांच्या घड्याळाला अचूकपणात सहज हरवतं.

मग लोक लाखो रुपये मोजतात कशाचे?

थोडे दिखाव्याचे, हे खरंच आहे. लखनौचा नवाब असफउद्दौला अठराव्या शतकात विलायती घड्याळं, आरसे, बंदुका, यंत्रं असं काय काय गोळा करायचा. त्याच्या आईनाखान्यात हे सगळं कसं दाटीवाटीने मांडलेलं होतं, ते पाहुण्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय. वेळ पाहायला एवढी घड्याळं कुणाला लागतात? मनगटावर फक्त नाव मिरवायला घेतलेलं महागडं घड्याळ मला त्या आईनाखान्यातलंच वाटतं.

पण दुसराही एक भाग आहे, आणि तो समजायला लखनौच्या चिकनकामाचा कुर्ता हातात घ्या. त्यातली बखिया ही तऱ्हा कापडाच्या उलट्या बाजूने भरतात. पुढून दिसते फक्त दोऱ्याची पुसट सावली, खरे टाके मागे. कुर्ता कसा आहे हे जाणकार पुढून नाही, उलटा करून ठरवतो. उत्तम यांत्रिक घड्याळही उलटं करून बघायचं असतं. झाकणाआड, जिथे वर्षानुवर्षं कुणाची नजर जाणार नाही, तिथल्या पट्ट्यांच्या कडाही हाताने घासून चकचकीत केलेल्या असतात. आतले स्क्रू निळे असतात, पण त्यांना रंग लावलेला नसतो! पोलाद हळूहळू तापवत नेलं की ते आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० अंशांच्या आसपास गर्द निळं. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रकाशाच्या खेळाने तो निळा दिसतो. क्षणभर उशीर झाला की निळा गेला आणि स्क्रू बाद.

आणि आत काय काय बसवतात! काही घड्याळांना कुठला महिना ३० दिवसांचा, कुठला ३१ चा, आणि लीप वर्ष कधी, हे सगळं पाठ असतं. ना सेल, ना चिप. त्यांच्यातलं एक चाक चार वर्षांत एकच फेरी मारतं. फक्त २१०० साली ती फसतील, कारण १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही असं वर्ष लीप नसतं. त्या वर्षी १ मार्चला ती हाताने लावावी लागतील. तुमच्यातले बरेच जण तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात असतील. लक्ष ठेवा.

माझ्या मते मात्र चावीच्या घड्याळाचा खरा मोठेपणा हुसैनाबादेत दिसतो. सत्तावीस वर्षं बंद पडलेलं ते यंत्र पुन्हा चालू कसं झालं? यंत्रांचा नाद असलेले दोघे लखनौकर वर चढले. धूळ काढली, गंज काढला, कुठला भाग झिजलाय, कुठला हरवलाय ते पाहिलं, आणि जो नव्हता तो बनवला. दाते मोजता येतात, आस मोजता येतो, म्हणून नवा घडवता येतो. सेलच्या स्वस्त घड्याळातली चिप मेली तर जगातला कुठलाही घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ती दुरुस्त करू शकत नाही. तो सांगतो, ‘नवीन मशीन टाकून देतो’, आणि त्याचंही काही चुकत नाही.

तर पहिलं घड्याळ घ्यायचं असेल तर? शाळेसाठी सेलचंच घ्या. वर्गात अचूक वेळ हवी आणि मैदानात आपटलं तर रडू यायला नको. तबकडी मनगटाच्या बाहेर डोकावत नाही ना, आणि मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत नीट पोचतो ना, एवढं बघा. काटा आखूड असला तर साडेदहा आहेत की दहा बत्तीस, हे रोज अंदाजाने ठरवत बसाल. मागे ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ लिहिलं असेल तर विहिरीत उडी मारायची नाही. त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुताना उडालेलं पाणी, बस्स. पोहायचं तर निदान ५०, आणि १०० असेल तर निर्धास्त. कातडी पट्टा कोकणातल्या पावसात दोन महिन्यांत कुबट वास मारायला लागतो.

जुनं एचएमटी विकत घेत असाल तर मात्र भिंग घेऊन जा. लखनौच्या नक्खासमधल्या रविवारच्या बाजारापासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे भडक निळ्या-केशरी तबकड्यांची ‘जुनी’ घड्याळं दिसतात. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवलेली असते. परदेशातले शौकीन अशांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि यात मुंबईकरांनी कॉलर ताठ करण्यासारखं काही नाही. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या की समजायचं.

आता एक राहिलं. घड्याळ पुढे आहे की मागे, हे ठरवायचं कशाशी ताडून? पूर्वी ताऱ्यांशी. १८३० च्या दशकात नवाब नसीरुद्दीन हैदरने लखनौत एक वेधशाळा बांधायला घेतली, तारावाली कोठी. ठरावीक तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेमागून सरकला की तो क्षण टिपायचा आणि घड्याळ त्यावरून लावायचं. १८४९ मध्ये वाजिद अली शाहने ती बंद केली. आज त्या कोठीत स्टेट बँक आहे.

ताऱ्यांवरून लावलेली वेळ मात्र गावोगाव वेगळी येते. लखनौत सूर्य दुपारी सर्वांत उंच पोचल्यावर मुंबईत तिथवर यायला त्याला आणखी सुमारे ३२ मिनिटं लागतात. म्हणून १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला साडेब्याऐंशी अंश रेखांशाची एकच वेळ दिली गेली. हे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं, म्हणजे आपण सगळे उत्तर प्रदेशची वेळ मनगटावर बांधून फिरतो! मुंबईने बरीच कुरकुर केली आणि आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. आजची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर ठेवते आणि मोबाइलवर तुम्हाला ती जवळपास तशीच दिसते.

त्या वेळेशी चावीचं घड्याळ रविवारी सकाळी ताडा, किती सेकंद पुढे-मागे आहे ते लिहा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा. मग एक मजा करा. एक आठवडा रात्री ते तबकडी वर करून ठेवा, पुढचा आठवडा चावी खाली करून उभं, त्यापुढचा चावी वर करून. दर आठवड्याला आकडा बदलेल, कारण बॅलन्स व्हीलचा आस दर वेळी वेगळ्या बाजूवर टेकतो आणि वेगळा घासतो. कुठल्या कुशीवर निजवलं की घड्याळ मागे पडतं हे एकदा कळलं, की दिवसा पुढे पळालेले सेकंद रात्री परत घेता येतात. घड्याळजीकडे जायलाच नको. घड्याळ आजोबांचं असेल तर आधी त्यांना विचारा मात्र.